रोग त्वचेला, औषध पोटाला?

'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण सध्या बाजारात जे चाललं आहे ते पाहून कुणालाही वाटेल की, आता शास्त्रज्ञच या म्हणीच्या बाजूने उभे राहिले आहेत. अंगावर इसब उठलं, चेहऱ्यावर मुरुमं आली, सोरायसिसचे चट्टे पडले, तर उत्तर काय? पोटातले जंतू सुधारा! टीव्हीवर, मोबाइलवर, मेडिकलच्या काउंटरवर 'प्रोबायोटिक' नावाच्या कॅप्सूल, पावडरी आणि बाटल्या दिसू लागल्या आहेत. आतून पोट सुधारलं की बाहेरून कातडी सुधारेल, असा त्यांचा एकूण सूर. आता तर 'चांगले जंतू' घातलेली क्रीम आणि फेसवॉशसुद्धा मिळतात.

यात खरं किती आणि दुकानदारी किती, हे समजून घेण्याची गरज आपल्याला जास्त आहे. कारण घरात लेकराच्या अंगाला खाज सुटली की रात्रभर जागते ती आई. 'गरोदरपणी काय खाल्लं होतंस?' हा प्रश्न येतो तिच्याकडे. मुलीच्या हातावर चट्टा दिसला की तिच्या लग्नाची काळजी तिलाच. आणि औषधाचा खर्च वाढला की पहिली काटकसर होते ती तिच्याच औषधात. तेव्हा विषय जरा किचकट असला तरी नीट बघू या.

आपलं अंग, त्यांचं घर

आपल्या शरीरात आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी आणि जिवाणू साधारण ३८ लाख कोटी, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. म्हणजे भाडेकरू घरमालकापेक्षा जास्तच! यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. कातडीवर त्यामानाने कमी, पण तिथलीही वस्ती ठरलेली आहे. तेलकट कपाळावर वेगळे, कोरड्या हातावर वेगळे, घामाने ओलसर राहणाऱ्या काखेत आणि कोपराच्या आतल्या घडीत आणखी वेगळे.

हे सगळे शत्रू नाहीत. कातडीवरचे कितीतरी जिवाणू आपले राखणदार आहेत. ते जागा अडवून बसतात, म्हणून बाहेरच्या वाईट जंतूला पाय रोवता येत नाही. काही तर वाईट जंतूला मारणारी रसायनं स्वतःच तयार करतात. आपली कातडी थोडी आंबट असते, तेही त्यांच्या सोयीचं. कपड्याचा साबण किंवा साधी अंगाची वडी यांचा गुण आंबटाच्या नेमका उलट. त्यामुळे नाजूक कातडीला खसाखसा साबण लावला की वस्तीची घडी विस्कटते.

भिंतीला भोक पडलं की

इसब म्हणजे काय, याचं उत्तर गेल्या वीस वर्षांत बरंच बदललं. 'रक्त खराब झालं' असं आपल्याकडे म्हटलं जातं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, लहानपणापासून इसब असणाऱ्या अनेकांमध्ये फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणारा जीन सदोष असतो. हे प्रथिन म्हणजे कातडीच्या भिंतीतलं सिमेंट समजा. सिमेंट कमी पडलं की भिंतीला फटी पडतात. आतलं पाणी उडून जातं, कातडी कोरडी पडते, आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. शरीर त्यांच्याशी लढायला उठतं, म्हणून लाली, सूज आणि खाज. हा जीन आईकडून आलेला असू शकतो, तसाच वडिलांकडूनही. तेव्हा गरोदरपणी खाल्लेल्या वांग्याला किंवा पपईला गुन्हेगार ठरवणं आता तरी थांबावं.

या फटींचा फायदा घेणारा एक जंतू आहे, स्टॅफिलोकोकस ऑरियस. निरोगी माणसांपैकी दहातल्या तिघांच्या नाकात तो गुपचूप राहत असतो आणि काही त्रास देत नाही. इसबाच्या कातडीवर मात्र तो फोफावतो. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा इसबाच्या जागी सुमारे ७० टक्के रुग्णांत हा जंतू सापडला. त्याआधी २०१२ साली अमेरिकेत इसब असलेल्या मुलांच्या कातडीवरचे जंतू पुन्हा पुन्हा तपासले गेले. इसब भडकायचं तेव्हा याची संख्या वाढलेली असायची आणि बाकीची वस्ती ओसरलेली असायची. उपचाराने आराम पडला की बाकीचे जिवाणू परत यायचे.

आणि खाज? आजवर समजूत अशी होती की सूज येते म्हणून खाज सुटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या चमूने उंदरांवर दाखवलं की हा जंतू एक रसायन सोडतो आणि ते थेट खाजेच्या नसांना डिवचतं. म्हणजे रात्री दोन वाजता लेकरू खाजवून खाजवून रक्त काढतं, तेव्हा 'नुसती सवय लागली आहे' म्हणून हातावर चापट मारणाऱ्या मोठ्या माणसांनी जरा विचार करावा.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. जंतूचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच ताट-वाटी वेगळी होते. इसब संसर्गजन्य नाही. सोरायसिसही नाही. जंतू तिथे वाढतो तो त्या माणसाच्या कातडीची भिंत कमकुवत असते म्हणून. शेजारी बसल्याने, तिच्या हातचं खाल्ल्याने, एका पांघरुणात झोपल्याने इसब कुणाला होत नाही. हाताला इसब असलेल्या सुनेला पोळ्या लाटू न देणं किंवा मुलीला शाळेत वेगळं बसवणं याला शास्त्राचा काडीचा आधार नाही.

चांगले जंतू लावून पाहिले

वाईट जंतू वाढल्याने त्रास होतो, तर चांगले जंतू लावून बघू, हा विचार ओघानेच आला. आपण नाही का, विरजण लावून दूध आपल्याला हवं तसं वळवतो? कॅलिफोर्नियात डॉ. रिचर्ड गॅलो यांच्या चमूने २०१७ साली इसबाच्या पाच रुग्णांच्या अंगावरचेच राखणदार जिवाणू घेतले, वाढवले, लोशनमध्ये मिसळले आणि त्यांच्याच हाताला लावले. एका दिवसात स्टॅफिलोकोकस ऑरियसची संख्या कमी झाली. मोठी बातमी झाली.

मग २०२१ मध्ये त्यांनी एकच निवडलेला जिवाणू घेऊन ५४ प्रौढ रुग्णांवर आठवडाभर चाचणी केली. वाईट जंतू कमी झाला, दुष्परिणाम फारसे दिसले नाहीत. पण सगळ्यांचं मिळून पाहिलं, तर इसबात मोठा फरक पडला नव्हता. ज्यांच्या अंगावरचा वाईट जंतू त्या जिवाणूने थेट मरणारा होता, त्यांनाच आराम पडलेला दिसला. म्हणजे एकाच नावाच्या जंतूचेही प्रकार असतात, आणि एकाला लागू पडेल ते दुसरीला पडेलच असं नाही.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेत डॉ. इयन माइल्स यांनी निरोगी माणसांच्या कातडीवरचा रोझिओमोनास नावाचा जिवाणू साखरेच्या पाण्यात मिसळून रुग्णांवर फवारला. दहा प्रौढ आणि पाच मुलं, असा तो छोटा प्रयोग होता. २०१८ साली निकाल आले, बहुतेकांना बरं वाटलं होतं. फोर्टे बायोसायन्सेस नावाच्या कंपनीने त्यावर औषध काढायचं ठरवलं आणि मोठी चाचणी घेतली. त्यात निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं पाणी. सप्टेंबर २०२१ मध्ये निकाल लागला, औषध नापास! पाण्याच्या गटापेक्षा त्याने ठरवलेला फरक पडला नव्हता.

यात त्या शास्त्रज्ञांची फजिती झाली असं समजू नका. इसब आपोआप कमी-जास्त होत असतं. म्हणून दहा-पंधरा जणांना बरं वाटलं एवढ्यावर औषध सिद्ध होत नाही. ते पारखायला मोठ्या चाचण्या लागतात. 'आमच्या शेजारणीला फरक पडला' हे वाक्य किती सांभाळून ऐकायचं, ते यावरून कळतं.

आता पोटाची गोष्ट

पोट आणि कातडी यांचा संबंध अगदीच काल्पनिक नाही. शरीराची लढाऊ यंत्रणा बाळपणी तयार होते, तेव्हा तिला आपलं कोण आणि परकं कोण हे शिकवण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा वाटा असतो. आपण खाल्लेला कोंडा, डाळी, भाज्यांचे तंतू खाऊन हे जिवाणू जी आम्लं तयार करतात, ती दाह शमवायला मदत करतात आणि उंदरांवरच्या प्रयोगात कातडीची भिंतही मजबूत करतात.

याच विचाराने फिनलंडमध्ये एक चाचणी झाली आणि २००१ साली ती जगभर गाजली. घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या गर्भवतींना बाळंतपणाआधी काही आठवडे आणि नंतर सहा महिने बाळाला लॅक्टोबॅसिलसचा एक प्रकार दिला. दोन वर्षांनी पाहिलं तर या गटात २३ टक्के मुलांना इसब होतं, दुसऱ्या गटात ४६ टक्के. प्रमाण थेट निम्म्यावर! प्रोबायोटिकच्या बाजाराला बळ मिळालं ते इथून. पण जर्मनीत तोच जिवाणू देऊन तसाच प्रयोग केला, त्याचा निकाल २००८ मध्ये आला आणि तिथे इसबात काहीच फरक दिसला नाही.

ही झाली इसब होऊच नये म्हणून केलेली धडपड. ज्यांना इसब आहे, त्यांचं काय? प्रोबायोटिक खाल्ल्याने इसब बरं होतं का, हे तपासणाऱ्या ३९ चाचण्या, २,५९९ रुग्ण, या सगळ्यांचा एकत्र हिशेब कॉक्रेन या नामांकित संस्थेने २०१८ मध्ये मांडला. खाज आणि झोप यांसारख्या, रुग्णाला स्वतःला जाणवणाऱ्या त्रासात फारसा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग डबीवर इतकं सगळं छापतात कसं? आपल्याकडे प्रोबायोटिक बहुतेक वेळा औषध म्हणून नाही, तर पूरक आहार म्हणून विकलं जातं. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम आहेत. रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, हा त्यातला एक. पण नियमात बसतील एवढे जिवाणू असणं आणि त्यांनी इसब बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच जाहिरातीत 'त्वचेच्या आरोग्याला साथ' असे मोघम शब्द असतात. 'रोग बरा होतो' म्हटलं की पुरावा द्यावा लागतो ना! पूर्वी 'रक्तशुद्धी'ची बाटली यायची, आता 'पोटशुद्धी'ची आली. रंग बदलला, बाटली तीच.

शिवाय 'जिवंत जंतूच ते, अपाय काय होणार' असंही समजू नये. अमेरिकेत दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एका बाळाचा प्रोबायोटिकमधल्याच जिवाणूच्या संसर्गाने मृत्यू झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना त्याबद्दल इशारा दिला. धट्टाकट्ट्या माणसाला सहसा काही होत नाही. पण अशक्त तान्हं बाळ, कॅन्सरचे उपचार घेणारा रुग्ण यांना असं काही मनाने देऊ नये.

खरा घोटाळा वीतभर ट्यूबमध्ये

प्रोबायोटिकची डबी खिसा रिकामा करते. पण त्याहून मोठं नुकसान एक स्वस्त वस्तू करते आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपण मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो, 'भाऊ, खाजेचं काहीतरी द्या.' तो एक ट्यूब काढून देतो. त्या एका ट्यूबमध्ये बऱ्याचदा तीन-चार औषधं असतात. जोरदार स्टिरॉइड, जिवाणू मारणारं अँटिबायोटिक आणि बुरशी मारणारं औषध. रोग कुठला का असेना, एक तरी लागू पडेल असा हिशेब.

स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत लाली आणि खाज थांबते. आपण खूश. प्रत्यक्षात नायटा असेल, तर बुरशी आतल्या आत पसरते. इसब असेल, तर गरज नसताना लावलेलं अँटिबायोटिक राखणदारांनाही मारतं, आणि जे वाईट जंतू उरतात ते औषधाला दाद न देणारे. ब्रिटनमध्ये इसबात किरकोळ जंतुसंसर्ग झाल्यासारखा वाटणाऱ्या ११३ मुलांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०१७ मध्ये आला. नेहमीच्या मलमाबरोबर अँटिबायोटिक दिल्याने काही खास फायदा झाला नव्हता.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड मलम लावत होते. त्यातले निम्म्याहून जास्त डॉक्टर नसलेल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून, आणि बरेचसे तर गोरं होण्यासाठी! कातडी पातळ होणं, चेहरा लाल पडून भाजल्यासारखं वाटणं, मुरुमं, नको तिथे केस, हे त्याचे परिणाम. लग्न ठरलं म्हणून गोरेपणासाठी लावलेली ट्यूब लग्नानंतर वर्षानुवर्षं छळते.

सरकारने काही केलं नाही असं नाही. २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची असलेली सूट काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. पण नियम दिल्लीत निघाला म्हणून तालुक्याच्या मेडिकलमध्ये पोचतोच असं नाही. आणि आपणही डॉक्टरांची फी वाचवायला 'मागच्या वेळची तीच द्या' म्हणतोच. याचा परिणाम साऱ्या देशावर होतो आहे. नेहमीच्या गोळीला दाद न देणारी नायट्याची एक बुरशी आता जगभर पसरते आहे. २०२० मध्ये तिचं नाव ठेवलं गेलं, 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. त्यातला 'इंड' आपल्या देशाचा आहे. असं नाव जगात जावं हे काही भूषण नाही.

मग करायचं काय?

महागडी डबी बाजूला ठेवली तरी हातात बरंच उरतं, आणि ते स्वस्तही आहे.

कातडीची भिंत लिंपा. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, सौम्य साबण तोही लागेल तिथेच. अंग टिपून घेतल्यावर लगेच, कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. ते परवडत नसेल तर शुद्ध खोबरेल तेलही चालतं. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे पाहणी झाली, तेव्हा खनिज तेलापेक्षा खोबरेल तेल सरस ठरलं. कोकणातल्या आजीला हे सांगायला चाचणी लागली नाही, पण झाली ते बरं झालं. ऑलिव्ह तेल मात्र महाग म्हणून चांगलं असं नाही. ते कातडीची भिंत उलट कमजोर करतं, असं ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं आहे.

भांडी-धुणं करून हातांना भेगा आणि इसब होणाऱ्या बायका घरोघरी आहेत. आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घाला, काम झालं की हाताला तेल लावा. यात नखरे कसले? सुताराने हत्यार जपावं, तसे आपण हात जपायचे.

ट्यूब घेण्याआधी तिच्यावरची नावं वाचा. 'क्लोबेटासोल', 'बीटामेथासोन', 'मोमेटासोन' अशी 'सोल' किंवा 'सोन'ने संपणारी नावं स्टिरॉइडची. ती दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मात्र डॉक्टरांनी तपासून दिलेलं स्टिरॉइड घाबरून अर्धवटही सोडू नका. योग्य ताकदीचं, ठरलेले दिवस लावलेलं मलम इसबावर आजही मुख्य औषध आहे. दाह शमला की कातडीवरची वस्ती आपोआप सावरते, हे आपण वर पाहिलंच. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं, हे माप लक्षात ठेवा. पिवळी खपली, पू, ताप, दुखरे फोड दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठा. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग असतो, तिथला खर्च आवाक्यातला असतो.

आणि पोटाचं? दही-ताक जरूर खा, ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या खा. पोटातल्या जिवाणूंना हेच हवं असतं. फक्त वाटीभर दह्याने इसब जाईल अशी आशा धरू नका. आणि कुणी सांगितलं म्हणून वाढत्या मुलाचं दूध, अंडी, डाळ एकदम बंद करू नका. इसब राहतं ते राहतं, वर लेकरू हडकतं.

जंतूंच्या या विज्ञानातून उद्या खरंच एखादं चांगलं औषध येईल. ते येईल तेव्हा हजारो रुग्णांवर पारखून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येईल. तोवर कुणी 'पोटातून त्वचा सुधारते' म्हणत डबी पुढे केली, तर एवढंच विचारा, 'किती जणांवर पाहिलंत? आणि बिनऔषधाच्या गोळीपेक्षा किती फरक पडला?' उत्तर नीट मिळालं नाही, तर ते पैसे पर्समध्येच राहू द्या. मुलीला डॉक्टरांकडे न्यायला उपयोगी पडतील.